दाराच्या चौकटीतले दांडे

मेस्त्रींना कुणी "हे करू नका" म्हटलं की ते काम झालंच म्हणून समजावं. चाळीस वर्षं बसच्या कारखान्यात त्यांनी बसची अंगं बांधली, आणि साहेबांनी त्यांच्याकडून अवघड कामं करून घेतली ती "राहू द्या मेस्त्री, तुम्हाला नाही जमायचं" असं म्हणूनच, असं त्यांचा दोस्त रंगारी सांगायचा. रंगारी त्याच कारखान्यात बसना रंग द्यायचा. त्याच्या सांगण्यावरही दोन हात मारलेले असायचे, पण रंगाखालचा पत्रा बहुतेक वेळा खरा निघायचा.

म्हणून थोरल्या लेकीनं फोनवर जे सांगितलं, ते खरं तर सांगायलाच नको होतं.

"बाबा, तो महिन्याच्या शेवटच्या रविवारी येतोय, गाडी न्यायला. त्याला तिकडे शेड मिळालीय भाड्यानं. आणि हे बघा, तुम्ही गाडीला हात लावू नका म्हणालाय."

"मी कशाला लावतोय हात?"

"आपलं सांगून ठेवलं."

"बरं बरं. जेवलीस का?" असं विचारून मेस्त्रींनी फोन ठेवला आणि त्याच पावली खिळ्यावरची शेडची किल्ली काढली.

तो म्हणजे धाकटा. बाप-लेकांच्या बोलण्याला नऊ वर्षं झाली होती. म्हणजे बंद होऊन. मेस्त्रींनीच त्याला कारखान्यात लावून घेतलं होतं, स्वतःच्या हाताखाली. अकरा महिने झाले होते. एक दिवस मेस्त्रींनी वीस माणसांसमोर त्यानं वेल्डिंग केलेल्या जोडावर हातोडी मारली. दोन घावांत जोड सुटला. "थुंकी लावून चिकटवलंस का रे?" मेस्त्री म्हणाले, आणि वीस माणसं हसली. यात नवीन काहीच नव्हतं. नव्या माणसाचा जोड मेस्त्री असाच मोडायचे. जोड मोडला की माणूस चिडायचा, आणि चिडला की शिकायचा. स्वतः मेस्त्री असेच शिकले होते. पण धाकटा चिडला नाही. त्यानं चष्मा काढून बाकावर ठेवला, त्यावर हातमोजे नीट जोडीनं ठेवले, आणि फाटकातून बाहेर गेला. शिव्या देऊन गेला असता तर संध्याकाळी घरी जेवायला एकत्र बसले असते. न बोलता गेलेल्या माणसाला परत कसं बोलवायचं, हे मेस्त्रींना कुणी शिकवलं नव्हतं.

घरात त्यावर तोड काढली ती बायकोनं. तिच्या वडिलांची जुनी चार दारांची गाडी मागच्या शेडमध्ये धूळ खात पडली होती. वडील गेले तशी ती गाडी इथे आली आणि इथेच राहिली. बायकोला ती चालवता येत नव्हती, पण दुपारी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसून ती मटार सोलायची, खिडकीत रेडिओ ठेवायची. घरात एवढ्या खुर्च्या असताना तिथे काय बसतेस, असं मेस्त्री म्हणायचे. "इथे मी माझ्या बापाकडे असते," ती म्हणायची.

गाडीचं इंजिन धडधाकट होतं, पण खालची जमीन गंजून चाळणी झाली होती, कारण शेडचं छप्पर दहा वर्षं गळत होतं. मेस्त्रींनी हजारभर बसचं गळणं थांबवलं असेल. घरच्या छपराखाली मात्र बादली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तर बायकोनं ठरवलं, की धाकट्यानं दर रविवारी येऊन ही गाडी रस्त्यावर आणायची आणि तिला एकदा शेजारी बसवून फिरवून आणायची. दोघं समोरासमोर येऊ नयेत म्हणून तिनं नियम करून दिला. रविवारी नऊच्या ठोक्याला मेस्त्रींनी रंगाऱ्याकडे जायचं आणि एकच्या आत घरी यायचं नाही. शेडला मागून वेगळं दार होतं, त्यानं धाकट्यानं यायचं आणि त्याच दारानं जायचं. असे तीन वर्षं रविवार गेले. एक वाजता मेस्त्री परत यायचे तेव्हा ओट्यावर दोन कप उपडे घातलेले असायचे आणि बायको जरा जास्त बोलायची. मग ती आजारी पडली, रविवार दवाखान्यात जायला लागले, आणि चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. त्या दिवशी बाप-लेक समोरासमोर उभे राहिले. दोघांनी एकमेकांच्या बुटांकडे बघितलं.

आता गाडी जाणार होती. गाडी गेली की या घरात धाकट्याचं असं काहीच उरत नव्हतं. एक सदरा नाही, एक पुस्तक नाही. पुन्हा त्यानं या दारात यावं असं कारणच उरत नव्हतं, आणि हे मेस्त्रींना फोनवर बोलता बोलताच लख्ख कळलं होतं. म्हणूनच त्यांच्या डोक्यात एक गोष्ट बसली. रविवारी तो येईल, दार उघडेल, आणि खाली बघतो तर काय, अख्खी जमीन नवी. तो वाकेल. जोडावरून बोट फिरवेल, कारण पत्र्यात काम केलेला माणूस बोट फिरवल्यावाचून राहत नाही. आणि मग त्याला काहीतरी बोलावं लागेल. एक शब्द पुरे होता. एका शब्दावरून चहापर्यंत मेस्त्री स्वतः पोचवणार होते.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला घेऊन ते शेडमध्ये गेले. रंगाऱ्याला पहिल्यांदा खुर्ची लागते, मग काम. खुर्ची मांडून झाल्यावर दोघांनी गाडी बघितली. चारही दारं काढून, जुन्या चादरींत गुंडाळून भिंतीला लावलेली होती. ड्रायव्हरच्या बाजूची जमीन तेवढी कापलेली, कडा सरळ, साफ. शेजारची बाजू अजून तशीच, गंजकी, वर सीटसकट.

"तीन वर्षं," मेस्त्री म्हणाले. "तीन वर्षांत अर्धी जमीन. मुंगीनं साखर नेली असती लवकर."

"पण हे काय लावलंय दारात?" रंगारी म्हणाला.

दारांच्या चार रिकाम्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत चौकोनी पाइपचा एक दांडा. खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यात तिरका गेलेला, दोन्ही टोकांना पक्का वेल्ड केलेला. प्रत्येक दांड्यावर निळ्या शाईनं आकडे लिहिलेले होते.

"पडद्याचे असतील," रंगाऱ्यानं स्वतःच उत्तर दिलं. "आत पडदे लावून झोपत असेल."

"पडदे तिरके असतात का?"

"हल्लीच्या मुलांचं काय सांगावं."

मेस्त्री हसले. मग त्यांनी आत शिरून बघितलं. दांड्याखालून वाकून, एक पाय आत, डोकं वाचवत, आणि त्यातच त्यांचा गुडघा कटकन वाजला. बाहेर आले ते दांड्याला शिव्या देतच. "गाडी बांधतोय की पिंजरा? हे काढल्याशिवाय काम व्हायचं नाही."

"लेकीला विचार ना एकदा. ती त्याला विचारेल कशाला लावलेत ते."

"विचारलं की कळलंच त्याला. मग कसली गंमत?"

इथे मेस्त्रींची बाजू सांगायला हवी, नाहीतर कुणी म्हणेल म्हातारा नुसताच हट्टी होता. हट्टी होताच, पण अडाणी नव्हता. बसच्या तळाशी लोखंडाची चासी असते. दोन जाड तुळया, घरभर लांब. वजन ती पेलते. वरची बस म्हणजे त्या चासीवर ठेवलेलं खोकं. त्या खोक्याची जमीन काढा, भिंत काढा, छप्पर उचलून शेजारी ठेवा, चासीला पत्ता लागत नाही. मेस्त्रींनी शेकडो बसच्या जमिनी सकाळी उखडल्या होत्या आणि आठवड्यानं नव्या घातल्या होत्या. जमीन काढली म्हणून बस वाकली, असं एकदाही झालं नव्हतं. आणि लहान गाडीचं काम त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं, कारण लहान गाड्यांची कामं करणाऱ्यांना कारखान्यात "डबेवाले" म्हणून हसायची पद्धत होती. रंगाऱ्यानंही कधी केलं नव्हतं. दोघंही बसवालेच, मग चुकीला चूक म्हणणारं कोण होतं?

दांडा काढण्याआधी मेस्त्रींनी सवयीनं हातोडी उचलली. जोडावर एक घाव घातला. मग दुसरा, खांद्यातून. टाळक्यात आवाज घुमला, जोड जागचा हलला नाही.

"तुटेना की रे," रंगारी म्हणाला.

"पाइप जाड आहे."

मेस्त्रींनी ग्राइंडर लावला. जोडाला न लागता, दोन-दोन बोटं खुंट सोडून, चारही दांडे कापून काढले आणि कोपऱ्यात भंगारावर टाकले. खुंट नंतर घासू, असं म्हणाले. मग गाडी पुढून दोन आणि मागून दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे उंच तिवयांवर, उचलून ठेवली, जशी बस ठेवतात, आणि उरलेली जमीन कापायला घेतली.

शेजारची सीट काढली तेव्हा तिच्याखाली वाळलेल्या शेंगांची टरफलं निघाली. ओंजळभर असतील, कागदासारखी हलकी झालेली. मेस्त्री जरा वेळ तिथे उकिडवे बसले. "बघ, इथेही कचरा करून ठेवला बाईसाहेबांनी," असं ते म्हणाले. मग मेस्त्रींनी झाडू घेतला आणि गंजाबरोबर ती टरफलंही गोळा करून बादलीत टाकली. काम म्हणजे काम.

दोन दिवसांत गाडीला जमीन उरली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, शेवटची कड सुटताना, गाडी कुठेतरी बारीक "कट्" वाजली.

"काही बोलली का ती?" रंगाऱ्यानं विचारलं.

"म्हातारी आहे. आपण नाही का कुरकुरत उठताना?"

आणि मग आले मेस्त्रींच्या आयुष्यातले चांगले दिवस. हे खोटं वाटेल, पण बायको गेल्यापासून त्यांना सकाळी उठायला कारण नव्हतं, ते आता होतं. त्यांनी पुठ्ठ्याचे नमुने कापले, त्यावरून पत्रे कापले. पत्र्याला ताकद यावी म्हणून त्यात लांब पन्हळी ठोकायच्या असतात. त्या त्यांनी वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्यानं एकेक करून ठोकल्या, घाई न करता. पत्रा असा बसवला की कड आणि कड यांच्यात नख जाऊ नये. आधी वीतभर अंतरानं टाके मारले, मग थोडं इकडे, थोडं तिकडे असं वेल्डिंग केलं, म्हणजे पत्रा तापून फुगत नाही. त्यांचा हात पूर्वीसारखा स्थिर राहत नव्हता, म्हणून डावा हात मनगटाखाली धरून वेल्डिंग केलं. आणि जोड असे उतरले, असे एकसारखे उतरले, की चाळीस वर्षांत असे उतरले नव्हते. कारखान्यात दिवसाला एक बस निघायची, तिथे कोण एवढं जीव ओतणार.

"हे झाकायचं म्हणजे पाप आहे," रंगारी म्हणाला, आणि खुर्चीवरून उठून त्यानं खालून काळा आणि आतून करडा रंग दिला. जोडांवर मात्र पातळ हात मारला. जोड दिसले पाहिजेत, अशी मेस्त्रींची ताकीद होती.

शनिवारी सकाळी फक्त दारं लावायची राहिली होती. चादरी सोडल्या. रंगाऱ्यानं दार खालून पेललं, मेस्त्रींनी बिजागरीचे बोल्ट घातले, आवळले, आणि ड्रायव्हरचं दार मायेनं ढकललं.

दार वरच्या कोपऱ्यात आपटलं आणि परत आलं.

"बिजागरी बघ," रंगारी म्हणाला.

बिजागरी सैल केली, दार खाली घेतलं, पुन्हा लावलं. आता ते वर कमी आणि खाली जास्त अडलं. लॉकची जीभ जिथे शिरायला हवी त्या खाचेच्या बोटभर वर राहत होती. रंगाऱ्यानं कमरेनं धक्का दिला. दार दाबून धरलं तर वर फट, आणि सोडलं तर उघडं. त्यांनी मागचं दार लावून बघितलं. तेही तसंच. पलीकडची दोन्ही लावली. ती थोडी जास्तच. चार दारं, आणि एक धड मिटत नव्हतं.

"चादरीत ठेवून फुगली का काय?" रंगारी म्हणाला. पण त्याचं त्यालाच पटलं नसावं, कारण तो हसला नाही.

मेस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. ते कोपऱ्यात गेले, भंगारातून एक दांडा उपसला, पुसला. त्यावर निळ्या शाईत आकडा होता, आणि आकड्यापुढे "पुढचं, ड्रायव्हर" असं धाकट्याच्या बारीक अक्षरात. मेस्त्रींनी तो दांडा जिथून कापला होता तिथे, दोन खुंटांच्या मध्ये, धरला. कापताना ग्राइंडरनं थोडा खाल्लेला दांडा खरं तर सैल बसायला हवा होता. तो बसेचना. बोटभर लांब पडत होता. दुसरा आणला. तोही. मेस्त्रींनी टेप लावून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मापलं आणि ते माप आकड्याशी ताडलं. मग पुन्हा मापलं, जणू टेपच खोटी बोलत होती.

आणि मग त्यांना कळलं. या गाडीला चासी नव्हतीच. खाली वाकून त्यांनी महिनाभर जे बघितलं होतं ते आता त्यांना दिसलं. तुळया नाहीत, काही नाही. जमीन हीच हिची चासी होती. जमीन काढली की हिला कणा राहत नाही, म्हणून एका वेळी एकच बाजू कापायची, आणि तोवर अंग वाकू नये म्हणून चौकटींत दांडे. ते पडद्याचे दांडे नव्हते, पिंजरा नव्हता. मोडलेल्या हाताला फळी बांधतात, तसे होते. मेस्त्रींनी फळी सोडली, पुढून-मागून घोड्यांवर ठेवून मध्ये अधांतरी धरली, आणि ती मध्ये खचली. तेव्हा ती "कट्" वाजली होती. ती बोलली होती आणि त्यांनी तिला म्हातारी म्हटलं होतं. आणि त्या खचलेल्या अंगात, जशी वाकली होती तशीच, त्यांनी आयुष्यातली सगळ्यात चांगली जमीन शिवून टाकली होती.

"जॅक लाव," मेस्त्री म्हणाले. "मध्ये लाव. उचल."

मध्ये जाड फळी देऊन जॅक लावला. जॅकची दांडी वर-खाली केली. वाकलेली गाडी सरळ व्हायची तर मध्ये थोडी उमलायला हवी होती. ती उमलली नाही. घोड्यांवरून चारी अंगांनी वाकलेली होती तशीच, अख्खी उचलली गेली. एक टाका सुटला नाही, एक जोड कुरकुरला नाही.

"बैल गेला आणि झोपा केला," रंगारी हळूच म्हणाला. त्यालाच वाईट वाटलं असावं. तो खुर्ची घडी करून, पहिल्यांदाच चहा न मागता, घरी गेला.

मेस्त्रींनी लेकीला फोन लावला. "त्याला सांग," ते म्हणाले.

"काय सांगू, बाबा?"

"काही नाही. ये म्हणावं."

रविवारी नऊ वाजले तेव्हा मेस्त्रींचे पाय सवयीनं फाटकाकडे निघाले होते. तीन वर्षांचं वळण होतं ते. फाटकाशी ते थांबले आणि परत शेडमध्ये येऊन उभे राहिले. दांडे त्यांनी पुसून, ओळीनं, बाकावर ठेवले होते. नऊ वाजून दहा मिनिटांनी मागच्या दाराशी गाड्या वाहून नेणारा सपाट ट्रक मागे घेतल्याचा आवाज आला.

धाकटा आत आला. कानाशी केस पिकायला लागले होते. चौदा महिन्यांपूर्वी नव्हते, किंवा तेव्हा मेस्त्रींनी बुटांच्या वर बघितलं नव्हतं. बापाला तिथे बघून तो दारातच थबकला. मग त्याची नजर चौकटींवर गेली, आणि बापाचं भान त्याला राहिलं नाही. तो पुढे आला. ड्रायव्हरचं दार त्यानं एका बोटानं ढकललं. ते आपटून परत आलं. त्यानं दुसऱ्यांदा ढकललं नाही. चौकटीतल्या कापलेल्या खुंटावर हात ठेवला.

"दांडे कुठे आहेत?"

मेस्त्रींनी बाकाकडे बोट दाखवलं.

धाकट्यानं दांड्यांकडे बघितलं. मग वाकला. गुडघ्यावर बसला, आणि जमिनीच्या जोडावरून बोट फिरवत गेला, पुढून मागेपर्यंत, सावकाश, मेस्त्रींनी महिनाभर मनात बघितलं होतं अगदी तस्संच.

"जोड चांगला आहे," तो म्हणाला.

हाच तो शब्द. याच्याच आशेवर म्हातारा महिनाभर जगला होता. शब्द आला, आणि त्याचं काय करायचं ते मेस्त्रींना कळेना. त्यांनी बाकावरची हातोडी उचलली आणि मूठ धाकट्याकडे करून पुढे धरली.

"मोड," ते म्हणाले. "मी तुझा मोडला होता ना सगळ्यांसमोर. घे. मोड."

धाकट्यानं हातोडी घेतली नाही. "तुमचा जोड मोडत नाही, बाबा. तोच तर घोळ झालाय."

"तुझाही नाही मोडला." मेस्त्रींना हे सांगायचंच होतं, आणि आता थांबवता येत नव्हतं. "हे दांडे काढताना. दोन घाव घातले मी, खांद्यातून. हलला नाही. ग्राइंडर लावावा लागला. रंगाऱ्याला विचार हवं तर."

"कधी कळलं तुम्हाला?"

"तेव्हाच कळलं. पण... पाइप जाड आहे म्हणालो."

धाकटा हसल्यासारखा झाला, पण हसला नाही. तो उठला, गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, आत डोकावला.

"इथे सीटखाली टरफलं होती."

"होती. झाडून टाकली." मेस्त्री म्हणाले, आणि मग त्याचा चेहरा बघून, "का रे?"

"काही नाही. मुद्दाम ठेवली होती. ती बाजू शेवटी कापणार होतो."

मेस्त्रींनी हातोडी परत बाकावर ठेवली. बाहेर ट्रकचं इंजिन चालूच होतं. धाकट्यानं ते बंद केलं नव्हतं, हे त्यांना आता ऐकू आलं.

"परत कापू," ते म्हणाले. "सगळी जमीन काढू. तू सांग कसं ताणायचं, मी करतो. तू नुसता उभा राहून सांग. मी तुझ्या हाताखाली करतो."

मेस्त्री उभ्या जन्मात असं कुणाला म्हणाले नव्हते. धाकट्यालाही ते माहीत होतं. तो चौकटीतल्या खुंटावर अंगठा फिरवत राहिला, आणि म्हाताऱ्याच्या मनात वेडी आशा उभी राहिली.

"होईल तसं," धाकटा म्हणाला. "दोन वर्षं लागतील, पण होईल. अवघड नाही." त्यानं टपावर तळहात ठेवला. "आई होती तोवर केलं, बाबा. ती गेल्यावर मला इकडे बघवत नव्हतं. चौदा महिन्यांनी कशीबशी हिंमत केली होती. परत पहिल्यापासून... माझ्यात नाही आता तेवढं."

"मग नेऊन तर ठेव. तुझी आहे."

"नेऊन काय करू?"

ते तो रागानं म्हणाला नाही. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

"चहा घेतोस?" मेस्त्रींनी विचारलं.

"नको. उशीर होईल."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. धाकट्यानं जाताना एक दांडा उचलून बघितला, आकडा वाचला, आणि होता तसा ओळीत ठेवून दिला. रिकामा ट्रक गल्लीतून वळेपर्यंत त्यावरच्या साखळ्या खडखडत होत्या.

थोरलीचा संध्याकाळी फोन आला. "काय म्हणाला, बाबा?"

"जोड चांगला आहे म्हणाला," मेस्त्रींनी सांगितलं, आणि ते खरंच होतं.

गाडी अजून शेडमध्ये आहे. भंगारवाल्याचं दोनदा विचारून झालं, मेस्त्रींचं दोनदा हाकलून झालं. छपराचं गळणं त्यांनी मात्र दुसऱ्याच आठवड्यात बंद केलं. आता कशाला, असं रंगाऱ्यानं विचारलं नाही. त्यालाही थोडी अक्कल आली आहे.

दर रविवारी नऊच्या ठोक्याला मेस्त्री घराबाहेर पडतात. शेडच्या मागच्या दाराची कडी काढून ठेवतात, ओट्यावर एक कप उपडा घालतात आणि रंगाऱ्याकडे जातात. रंगाऱ्यानं एकदा सांगून बघितलं, अरे, तो यायचा तो आईसाठी यायचा. मेस्त्री म्हणाले, माहीत आहे. एकच्या आत ते उठत नाहीत. एक वाजता घरी येतात, आधी ओट्याकडे बघतात, मग मागे जाऊन कडी बघतात, आणि ती स्वतःच्या हातानं लावतात.